विसाव्यानंतरची हाक

लोखंड तापवलं की मऊ होतं आणि दाबलं की लांब होतं, एवढं कुणालाही कळतं. आमच्या धंद्यातली मेख त्याच्या पुढे आहे. दाबायचं कधी, ही ती मेख. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला ‘रोलिंग मिलमधल्या गमतीजमती’ लिहायला सांगितलंय. गमती होत्या, नव्हत्या असं नाही. पण लिहायला बसलो की माझ्यापुढे एकच गोष्ट येऊन उभी राहते आणि ती काही गमतीची नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर ती वाचावी लागणार, त्याला माझा नाइलाज आहे.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. नवं लोखंड सगळं सरकार उचलायचं आणि शेतकऱ्याला साधा फाळ मिळायची मारामार. तेव्हा खोपोलीच्या अलीकडे एका शेठने माळावर पत्र्याची शेड ठोकली आणि मिल काढली. रेल्वेने काढून टाकलेले जुने रूळ वॅगनमधून यायचे. ते आम्ही तोडायचो, भट्टीत तापवायचो आणि रोलमधून काढून त्यांच्या कांबी करायचो. त्या कांबीच्या पुढे पहारी, कुदळी, छिन्न्या व्हायच्या. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात त्या काळात जी पहार कातळावर बसली, ती बहुतेक आमच्या हातांखालून गेलेली असायची. हा गर्व मला आजही आहे, आणि म्हातारपणी एवढा गर्व चालतो.

रोल म्हणजे एकावर एक बसवलेले तीन जाडजूड लोखंडी दंडगोल. मोटर लावली की फिरायचे. पुढच्या माणसाने तापलेला तुकडा सांडशीने धरून खालच्या फटीत घालायचा, मागच्याने तो पकडून वरच्या फटीतून परत पाठवायचा. प्रत्येक फेरीला फट बारीक आणि कांब लांब. पुढे तुकाराम असायचा, कोंडाण्याचा. मागे मी. कांब फटीतून बाहेर येते ती सापासारखी सळसळत येते, आणि जरा चुकलात की पायाला वेढा घालते. माझ्या डाव्या पोटरीवर तिची सही आहे. लग्नात सासऱ्यांना ती दिसू नये म्हणून मी उन्हाळ्यातही पायमोजे घातले होते.

आता मेख सांगतो. भट्टीतून निघते तेव्हा कांब हळदीसारखी पिवळी असते. काही फेऱ्या झाल्या की शेंदरी होते. तशीच घाईने शेवटची फेरी उरकली तर कांब दिसते गुळगुळीत, पण थंड झाल्यावर तिच्या पोटातला दाणा जाड राहतो, खड्या मिठासारखा. अशी पहार कातळावर मारली की काडीसारखी मोडते. म्हणून शेवटच्या फेरीआधी कांब जमिनीवर आडव्या टाकलेल्या पट्ट्यांवर ठेवायची आणि थांबायचं. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, पिकल्यावर जो गडद लाल होतो, तो रंग आला की मग दाबायची. त्या तावात दाबली की दाणा बारीक होतो आणि कांब वाकेल, पण तुटणार नाही. जास्त थांबलात तर कांब रोलचं ऐकत नाही. मोटर रडायला लागते आणि कधी रोलच तडकतो. या थांबण्याला आम्ही विसावा म्हणायचो. माझा पुतण्या इंजिनिअर आहे. तो म्हणतो, काका, याला आता कंट्रोल्ड रोलिंग म्हणतात, ताप मोजायला यंत्रं असतात, जगभर मोठमोठ्या पाइपांचं पोलाद असंच काढतात. मी म्हटलं, चांगलं आहे. आमच्याकडेही यंत्र होतं. एकच होतं आणि ते पान खायचं.

त्या यंत्राचं नाव कासमचाचा. खालापूरच्या मोहल्ल्यातले. तरुणपणी मुंबईत एका कारखान्यात भट्टीवर शिकले आणि मिल निघाली तेव्हा शेठ त्यांना घरी जाऊन घेऊन आला. मिलचे मिस्त्री तेच. विसाव्याला ठेवलेल्या कांबीकडे ते बघत उभे राहायचे आणि रंग आला की ओरडायचे, “घे!” त्या शब्दावर तुकाराम कांब उचलायचा. हा शब्द मिलमध्ये दुसऱ्या कुणी उच्चारायचा नाही, असा दंडक होता. एकदा मॅनेजरसाहेब चहा घेऊन आलेल्या माणसाला सहज “घे” म्हणाले, तर तुकारामने कांब उचलून रोलमध्ये घातलीसुद्धा. मॅनेजर हसले, चाचा मात्र दिवसभर फुरंगटून होते.

रंग बघायला अंधार लागतो. तापलेलं लोखंडही उन्हात काळंच दिसतं आणि तेच सावलीत आणलं की लाल. म्हणून चाचांनी आपल्या बाजूची शेड गोणपाटं लावून अंधारी केली होती. गोणपाट जरा फाटलं, उन्हाचा कवडसा आत आला, की ते आईबहिणीवरून शिव्या घालायचे. शिव्या घालण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण पोटात काही ठेवायचे नाहीत. दुपारी डबा उघडला की आधी मला आणि तुकारामला हाक. चाचीच्या हातच्या तांदळाच्या भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण मी तिथेच पहिल्यांदा खाल्लं. घरी माळकरी वडील होते, त्यांना हे कळलं असतं तर मला भट्टीतच घातलं असतं.

आमचं गिऱ्हाईकही एकेक वल्ली. कडावचा दगडू लोहार बैलगाडी घेऊन यायचा. माल भरण्याआधी प्रत्येक थप्पीतली एक कांब काढायचा, छिन्नीने खाच पाडायचा, दगडावर आडवी ठेवून घणाचा घाव घालायचा. मोडलेलं तोंड उन्हात धरायचा आणि त्यावरून अंगठा फिरवायचा. दाणा बारीक लागला की विचारायचा, “चाचांच्या हाकेची हाय ना?” मग गाडी भरायचा. इतर कुणी कांबी मोडलेल्या शेठला खपत नसत. दगडूला मात्र मुभा होती, कारण तो नेतो म्हणून बाकीचे लोहार नेत.

एकदा पावसाळा सरून ऊन पडलं होतं तेव्हा दगडू आला. त्याने कांब मोडली, अंगठा फिरवला, आणि दुसरी मोडली. मग दोन्ही तुकडे घेऊन तो सरळ शेडमध्ये चाचांपाशी आला.

“चाचा, हिच्यात मीठ हाय.”

“तुज्या घणात खोट हाय,” चाचा म्हणाले.

“हात लावून बगा.”

चाचांनी तुकडा हातात घेतलासुद्धा नाही. “गाडी रिकामी घेऊन जा,” म्हणाले. आणि दगडू खरंच रिकामी गाडी घेऊन गेला. पहिल्यांदाच.

त्या दिवसापासून मी नीट पाहायला लागलो. मी मागे उभा, म्हणजे शेवटची फेरी संपल्यावर कांब माझ्याच सांडशीत यायची. ती शेंदरी असायची. चाचा “घे” म्हणत होते ते लवकर म्हणत होते. आधी मला वाटलं, गोणपाटांचा दोष. चाचांनाही तेच वाटत असावं, कारण त्यांनी एकावर एक गोणपाटं टांगायला लावली होती. उजेड डोळ्याला टोचतो म्हणायचे. आम्ही शिडी लावून पत्र्याची भोकं डांबराने बुजवली. शेडमध्ये इतका अंधार झाला की आम्हीच एकमेकांना धडकायला लागलो, तरी कांबी शेंदरीच येत राहिल्या.

खरं काय ते चाचीने सांगितलं. ईदेला मी आणि तुकाराम त्यांच्या घरी शिरखुर्मा प्यायला गेलो होतो. चाचा पुढच्या खोलीत पाहुण्यांशी बोलत बसले होते. चाची वाढता वाढता हळूच मला म्हणाली, “बाळ्या, मिलमदी त्यांना नीट दिसतं काय रं? हितं भाकरीचा तुकडा शोधाया ताटात हात फिरवतात. विचारलं तर माझ्यावर डाफरतात.”

भट्टीत वर्षानुवर्षं डोळे घालणाऱ्याच्या डोळ्यात मोतीबिंदू लवकर उतरतो, हे मला पुढे डॉक्टरांकडून कळलं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर गढूळ पडदा. त्यातून शेंदरी कांब गडद दिसते. चाचा खोटं बोलत नव्हते, त्यांना खरोखरच रातांबा दिसत होता.

परत येताना तुकाराम वाटेत थांबला. तसा तो कमी बोलणारा. म्हणाला, “चाचा मिलमधून गेलं तर घरी बसून मरतील. आपून सांबाळू.”

“कसं?”

“तू मागनं रंग बघ. आला की सांडशी पत्र्यावर आपट. त्यांनी घे म्हटलं तरी मी तोवर सांडशी चाचपत बसन.”

मला ते पटलं. मॅनेजर माणूस वाईट नव्हता, पण ज्याला दिसत नाही त्याला भट्टीपाशी उभं करणं त्यालाही शक्य नव्हतं. आणि चाचांना तोंडावर सांगायचं कुणी? ज्याने हात धरून सांडशी पकडायला शिकवलं, त्याला ‘तुम्हाला दिसत नाही’ म्हणायचं? मला ते जमलं नसतं आणि आजही जमणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमचं सुरू झालं. चाचा ओरडायचे, “घे!” तुकाराम सांडशी उघडायचा, मिटायचा, धोतराला हात पुसायचा, कांबीवर नीट पकड बसत नाही असं दाखवायचा. मी मागून रंग बघायचो. रंग आला की पायाखालच्या पत्र्यावर सांडशी आपटायचो आणि तुकाराम कांब घालायचा. सांडशीला चिकटलेले लोखंडाचे पापुद्रे झाडायला आम्ही ती तशीही आपटायचो, त्यामुळे चाचांना संशय आला नाही. दगडू लोहार पुन्हा आला, त्याने कांब मोडली, अंगठा फिरवला आणि काही न विचारता गाडी भरली. त्या संध्याकाळी मी आणि तुकारामने भजी खाल्ली. आपण केवढा मोठा पराक्रम केला असं वाटत होतं.

पण चाचांच्या बाजूने हे कसं दिसत होतं, याचा विचार आम्ही केलाच नाही. त्यांना दिसायचं एवढंच की ते हाक देतात आणि तुकाराम हलत नाही. “हाताला मेंदी लावलीय काय रं?” पासून सुरुवात झाली. मग तुकारामच्या आईवर, गावावर, जातीवर गेले. तुकाराम मान खाली घालून ऐकायचा. डोळा जसजसा गढूळ होत गेला तसतशी हाक आणखी लवकर यायला लागली, आणि तुकारामला आणखी वेळ काढावा लागायला लागला. चाचांना वाटायला लागलं, हा माणूस मुद्दाम माझा ताव घालवतोय. डब्याची हाक आता मला एकट्याला यायची. मी तुकारामकडे बघायचो, तो दुसरीकडे बघायचा.

शेवटी चाचा मॅनेजरकडे गेले. पुढचा माणूस आळशी झालाय, याच्यापायी माल बिघडेल, याला काढा. मिस्त्रीचा शब्द मिलमध्ये वरचा. तुकारामला रोलवरून काढला आणि आवारात रूळ उतरवायच्या कामावर घातला. भट्टीवरच्या माणसाने आवारात जायचं म्हणजे घोड्यावरून उतरून गाढवावर बसायचं.

मी त्याला म्हटलं, “आता मी चाचांना सांगतो.”

“काय सांगशील?” तुकाराम म्हणाला. “इतकं दिवस आंधळ्याला खेळवत हुतो असं सांगशील? नको. माझ्या जागी जो येईल त्याला सांग, बाळ्याची सांडशी वाजल्याबिगर कांब घालायची नाय म्हणून. माल बिघडू देऊ नको.”

त्याच्या जागी महादू आला, शेलूचा. मी त्याला सांगितलं, मी सांडशी आपटल्याशिवाय घालायची नाही, तुकारामलाही हेच होतं. का, ते सांगितलं नाही. तो नवा होता, हो म्हणाला. शिव्या आता त्याच्या वाट्याला आल्या.

आणि मग पावसात ते झालं. चिखलात वॅगनमधून रूळ उतरवताना एक रूळ फळ्यांवरून घसरला आणि तुकारामच्या उजव्या पायावर आला. आम्ही आरडाओरडा ऐकून धावलो. त्याला कर्जतला नेला, तिथून पुढे मोठ्या इस्पितळात. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चाचा त्या दिवशी जेवले नाहीत. “आळशी हुता, पण माणूस माझा हुता,” असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी समोर बसून ऐकत होतो. आता सांगणं म्हणजे त्या म्हाताऱ्याच्या छातीवर तो रूळ ठेवण्यासारखं होतं.

ठेवला शेवटी महादूने, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. तुकारामचा पाय गेल्यानंतर एके दिवशी चाचांनी हाक दिली, महादू थांबला, चाचांनी त्याच्या बापाचा उद्धार केला. पोराचा तोल गेला. तो ओरडला, “मला कशाला शिव्या देता? बाळारामने पत्रा वाजवल्याबिगर घालायची नाय असं मला सांगितलंय! तुकारामला बी तसंच हुतं!”

कांब विसाव्यावर होती. मी सांडशी आपटली नाही. मला आपटवेना. कांब तिथेच काळी पडली.

चाचा माझ्याकडे वळले. “पत्रा कशापायी?”

मी सांडशी खाली ठेवली. चाचा हात पुढे करून, पायाने जमीन चाचपत विसाव्याच्या पट्ट्यांपर्यंत आले आणि कांबीची धग चेहऱ्याला लागेपर्यंत खाली वाकले. कुणीतरी त्यांना मागे ओढलं. सरळ होऊन त्यांनी विचारलं, “कधीपासनं?”

“दगडू परत गेला त्यानंतर,” मी म्हटलं.

त्यांनी शिवी दिली नाही. दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

सुट्टीच्या दिवशी ते म्हणाले, मला कोंडाण्याला घेऊन चल. आम्ही गाडीने कर्जतला आलो आणि तिथून बैलगाडीने निघालो. शेवटचा चढ चालावा लागला. चाचांनी माझा खांदा धरला होता. वाटेत एकदा त्यांनी विचारलं, “चिखल हाय काय रं पुढं?” तो चिखल नव्हता, गवत होतं.

तुकाराम पडवीत बसला होता, पाय घोंगडीखाली. चाचांना बघून तो उठायला गेला आणि राहिला. चाचा त्याच्या शेजारी बसले. घोंगडीवरून त्यांनी हात फिरवला, आणि जिथे पाय संपत होता तिथे हात थांबला.

“तुका, मला दिसत नव्हतं रं.”

“ठावं हाय, चाचा.”

“मग माज्या शिव्या कशापायी खाल्ल्यास? तोंडावर सांगायचं हुतंस.”

तुकाराम हसला. म्हणाला, “शिव्यांनी माणसाचं काय जातं, चाचा?”

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. “पाय गेला की.”

ती रागाने बोलली नाही. चुलीपाशी बसून, हातातलं काम न थांबवता बोलली. मग तिने कोरा चहा आणून ठेवला. चाचांचा कप त्यांच्या हातात दिला, बोटं कपाच्या कानाभोवती नीट लावून. तेवढं केलं आणि आत गेली. चाचा तो चहा प्यायले की नाही मला आठवत नाही.

आम्ही चुकलो का? पुष्कळ वर्षं मी हा प्रश्न स्वतःला विचारत आलो आहे. आम्ही त्यांची जागा राखायला गेलो, मायेनेच गेलो. एका माणसाचा डोळा झाकायला दुसऱ्याचा पाय लागला. पत्रा वाजायला लागल्यापासून माल मात्र शेवटपर्यंत चांगला निघाला, एकही पहार मोडली नाही. आता याचा आनंद मानायचा की आणखी काही, हे माझं मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा नेहमीच्या वेळेला मिलमध्ये आले. मला वाटलं, मॅनेजरकडे जातील. ते सरळ आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. भट्टी पेटलेली होती, मोटर सुरू झाली, पहिली कांब निघाली. फेऱ्या झाल्या, महादूने ती विसाव्यावर ठेवली. शेंदरी होती. मग उतरायला लागली. मी चाचांच्या हाकेची वाट बघत होतो. हाक आली नाही.

रंग आला. महादूने माझ्याकडे बघितलं. मी चाचांकडे बघितलं. त्यांनी कांबीकडे पाठ केली होती आणि ते नुसते उभे होते, कान देऊन. रंग हातचा जाणार होता. पत्रा वाजवायला मी सांडशी उचलली, पण ते आता खोटं झालं होतं.

मी ओरडलो, “घे!”

महादूने कांब घातली. ती पलीकडून माझ्याकडे आली, मी पकडली. चाचांनी मान हलवली. खुंटीवरचं पंच्याचं फडकं चाचपून काढलं, खांद्यावर टाकलं आणि गोणपाटं बाजूला सारत ते बाहेर उन्हात निघाले. फाटक लांब होतं आणि वाटेत रूळ पसरलेले होते. भट्टी चालू असताना रोलवरच्या माणसाला जागा सोडता येत नाही. पुढची कांब निघाली होती. चाचांना फाटकापर्यंत पोचवायला आमच्यातलं कुणीही जाऊ शकलं नाही.